काही घडलंच नाही, हे पुरस्काराच्या अर्जात कसं लिहायचं?

भुसावळहून एका भाऊंनी विचारलंय. त्यांच्या औद्योगिक रेडिओग्राफीच्या, म्हणजे किरणोत्सर्गी किरणांनी लोखंडाच्या आतला फोटो काढून तपासण्याच्या, एजन्सीत एक आप्पा आहेत. चोवीस वर्षं नोकरी, त्यातली बरीचशी आरएसओ म्हणून, म्हणजे किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी. बॉयलरच्या ट्यूबचे वेल्डिंग जॉइंट, पाइपलाइन, टाक्या यांची तपासणी हे रोजचं काम. येत्या मार्चअखेर आप्पा निवृत्त होतायत. मालकांच्या मनात आहे की अणुसुरक्षेतल्या सेवेचा किंवा तांत्रिक कामगिरीचा एखादा पुरस्कार त्यांना मिळावा. भाऊंचे प्रश्न दोन. नाव नेमकं कुठे पाठवायचं? आणि "कामगिरी" या रकान्यात काय लिहायचं, कारण "चोवीस वर्षांत काही झालंच नाही, हीच तर कामगिरी!"

दुसरा प्रश्न खरा. पहिल्याचं उत्तर शोधून सापडतं. सुरक्षेत चांगलं काम झालं की दाखवायला काहीच उरत नाही, ही अडचण मात्र कुठल्याही पत्रकात सुटत नाही. तरी आधी पहिला प्रश्न उरकू.

मालक म्हणतात तसा अणुऊर्जा विभागाचा पुरस्कार मिळणार नाही. होमी भाभा विज्ञान व तंत्रज्ञान पुरस्कार, समूह कामगिरी पुरस्कार वगैरे त्या विभागातल्या आणि विभागाच्या संस्थांतल्या लोकांसाठी आहेत. एईआरबीचे, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाचे, औद्योगिक सुरक्षेचे पुरस्कारही विभागाच्या आस्थापनांमध्ये वाटले जातात. एईआरबी तुमच्या एजन्सीला परवाना देते, म्हणून तिचा पुरस्कारही तुमच्यासाठी असेल असं समजू नका. इंडियन न्यूक्लिअर सोसायटीकडे जीवनगौरव आणि उत्कृष्ट सेवेसारखे पुरस्कार आहेत, पण त्यांचा ओढा अणुभट्ट्या आणि इंधनचक्राकडे. तुमच्या कामाला जवळच्या संस्था दोन. इंडियन असोसिएशन फॉर रेडिएशन प्रोटेक्शन ही किरणोत्सर्ग संरक्षणाच्या लोकांची, आणि इंडियन सोसायटी फॉर नॉन-डिस्ट्रक्टिव्ह टेस्टिंग, जिला आपण आयएसएनटी म्हणतो, ती तपासणीच्या धंद्यातल्या लोकांची. दोन्हीकडे बहुतेक वेळा सदस्यत्व बघतात. आप्पा सदस्य नसतील तर तिथूनच सुरुवात करावी लागेल. नॅशनल सेफ्टी कौन्सिलचे पुरस्कार आस्थापनेला मिळतात, माणसाला नाही. विश्वकर्मा राष्ट्रीय पुरस्कार कामगाराने सुचवलेल्या आणि प्रत्यक्षात आणलेल्या सुधारणेसाठी असतो, त्याला आस्थापनेत सूचना योजना चालू असावी लागते. एक अगदी घरचा पर्याय लोक विसरतात, तो म्हणजे महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाचा गुणवंत कामगार पुरस्कार. तिथे नोकरीबरोबर सामाजिक काम बघतात. तुमची एजन्सी कामगार कल्याण निधी भरते का, हे आधी लेखापालाला विचारा. कोणताही पर्याय निवडा, पण त्या वर्षीचंच पत्रक वाचा. वयाची अट, शिफारस कोणी करायची, स्वतः अर्ज चालतो का, हे सगळं बदलत असतं.

आता सेवा आणि तांत्रिक कामगिरी यातला फरक. परदेशातल्या पुरस्कारांकडे पाहिलं तर तो चटकन कळतो. अमेरिकन न्यूक्लिअर सोसायटीचा थिओस थॉम्पसन यांच्या नावाचा पुरस्कार अणुभट्टीच्या सुरक्षेतल्या कामगिरीसाठी आहे. आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण संघटनेचा रॉल्फ सिव्हर्ट पुरस्कार त्यांच्या जागतिक परिषदेत दर चार वर्षांनी देतात. दोन्हीकडे प्रश्न एकच असतो, या माणसाने नवं काय समजावून दिलं किंवा करून दाखवलं? सेवेच्या पुरस्कारात विचारतात, नेमून दिलेल्या कामापलीकडे हा माणूस इतरांच्या किती उपयोगी पडला? चोवीस वर्षं या दोन्ही प्रश्नांचं उत्तर नाही. तो नोकरीचा कालावधी आहे, त्यासाठी निरोप समारंभ असतो. थोडं कडक वाटेल, पण छाननी करणारा असंच वाचतो.

तेव्हा आधी ठरवा, आप्पांचं जास्त वजन कुठे आहे. त्यांनी पाच-सात पोरं शिकवून रेडिओग्राफर केली, आयटीआयमध्ये जाऊन समजावलं, एमआयडीसीतल्या भंगारवाल्यांना किरणोत्सर्गाची तीन पाकळ्यांची खूण दाखवून "हे दिसलं की हात लावू नका, फोन करा" असं सांगत फिरले, तर तो सेवेचा अर्ज. भंगारवाल्यांचं काम क्षुल्लक समजू नका. २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० चा जुना सोर्स, म्हणजे किरण फेकणारा तुकडा, पोचला, लोक भाजले आणि एकाचा जीव गेला. अणुघटनांच्या आंतरराष्ट्रीय मापनश्रेणीवर तो प्रसंग चौथ्या पातळीचा धरला गेला. कोणाला, कधी, किती जणांना सांगितलं याची वही असेल तर ती सोन्यासारखी आहे. आणि आप्पांनी कामाची रीतच बदलली असेल, तर तो तांत्रिक अर्ज. एकाच अर्जात दोन्ही कोंबलं की दोन्ही पातळ होतात.

आता मूळ मुद्द्याकडे. "काही झालं नाही" हे वाक्य वाचून छाननीवाल्याच्या मनात दोन शक्यता येतात. एक, काम खरंच सुरक्षित होतं. दोन, कामच कमी होतं किंवा नोंदच झाली नाही. दुसरी शक्यता तुम्हाला कागदावर खोडायची आहे.

बॅजच्या अहवालापासून सुरुवात करा. टीएलडी बॅज म्हणजे अंगावर पडलेल्या किरणोत्सर्गाची मात्रा मोजणारा बिल्ला. त्याचे तिमाही अहवाल सलग शून्य असतील तर ते अर्जात मिरवू नका, आधी तपासा. मोजमापाच्या खालच्या मर्यादेपेक्षा कमी मात्रा असेल तर शून्य लागतं, ते ठीक. पण रोज इरिडियमचा सोर्स घेऊन साइटवर जाणाऱ्या माणसाचं वर्षानुवर्षं शून्य येत असेल, तर बॅज खिशात नसून कपाटात होता अशी शंका कोणीही घेईल. दुसरी खोड कंट्रोल बॅजची. तो किरणोत्सर्गापासून लांब ठेवायचा असतो, कारण त्याचं वाचन इतरांच्या वाचनातून वजा होतं. तो सोर्सच्या खोलीशेजारच्या खुंटीला टांगलेला असेल, तर सगळ्यांची मात्रा खोटी कमी दिसते. म्हणून पॉकेट डोसीमीटरची, म्हणजे खिशातल्या लगेच मात्रा दाखवणाऱ्या मापकाची, रोजची नोंद काढा आणि एकेका तिमाहीची बेरीज बॅजच्या अहवालाशेजारी मांडा. दोन आकडे आसपास आले तर शून्याजवळचा आकडाही खरा वाटतो. अशी जुळणी केलेला एक कागद प्रशस्तिपत्रकांच्या फाइलपेक्षा जड पडतो.

मात्रा मिलिसिव्हर्टमध्ये मोजतात. तिच्या मर्यादा लिहायच्या तर बरोबर लिहा. कामगारासाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षात ३० पेक्षा जास्त नाही. सर्वसामान्य माणसासाठी वर्षाला १ मिलिसिव्हर्ट. जुन्या वह्यांत मिलिरेम असतील तर १०० मिलिरेमचा १ मिलिसिव्हर्ट करून घ्या. एका तक्त्यात दोन एकके दिसली की वाचणारा पुढचं वाचायचं सोडतो.

आता छेद, म्हणजे मात्रेला कशाने भागायचं ते. मात्रा कमी, पण कशाच्या मानाने? किती वर्षं, किती तास, यावर काही ठरत नाही. इरिडियम-१९२ चं अर्धआयुष्य साधारण ७४ दिवस. आज २० क्युरी ताकदीचा सोर्स अडीच महिन्यांत १० वर येतो आणि त्याच जाडीच्या जॉइंटला दुप्पट वेळ लागतो. म्हणजे तास वाढले म्हणून धोका वाढला असं होत नाही. सरळ छेद म्हणजे शॉटची, म्हणजे सोर्स बाहेर काढून घेतलेल्या फोटोंची, संख्या. समजा वर्षात ६००० शॉट झाले आणि तिघा रेडिओग्राफरची मिळून मात्रा ९ मिलिसिव्हर्ट आली, तर हजार शॉटमागे दीड मिलिसिव्हर्ट. हा आकडा दहा वर्षांचा मांडा. उतरता दिसला तर बोलायला जागा आहे. एखाद्या वर्षी चढलेला दिसला तर लपवू नका, शेजारी कारण लिहा. शटडाउनचं काम, अडचणीची जागा, नवी माणसं, जे असेल ते. गुळगुळीत तक्त्यापेक्षा एक उंचवटा आणि त्याचं प्रामाणिक कारण जास्त पटतं.

उतरण कशामुळे आली, हे तांत्रिक अर्जाचं काळीज. इथे खानदेशातली एक गोष्ट सांगतो, जी मुंबईच्या अर्जात कधी दिसणार नाही. फिल्मचं मॅन्युअल डेव्हलपिंग साधारण २० अंश सेल्सिअसला पाच मिनिटं, असं धरलेलं असतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये बाहेर पारा ४४-४५ वर आणि पत्र्याखालच्या डार्करूममध्ये डेव्हलपर ३२-३५ अंशांवर. तिथे फिल्म दीड-दोन मिनिटांत काळी पडते. मग पोरगं लाल दिव्याखाली अंदाजाने ती वर ओढतं. कुठे पट्टे, कुठे धुरकट, कुठे घनता, म्हणजे फिल्मचा काळेपणा, कमी. गॅमा किरणांच्या फिल्मला किमान २.० घनता लागते, वर ४.० पर्यंत चालते. ती बसली नाही की क्लायंटचा माणूस फिल्म नाकारतो, आणि तोच जॉइंट पुन्हा मारावा लागतो. पुन्हा मारणं म्हणजे सोर्स पुन्हा बाहेर, पुन्हा आत. कॉलिमेटर, म्हणजे किरणांचा झोत एकाच दिशेला सोडणारं जड धातूचं आवरण, लावलेला असला की रेडिओग्राफरला मिळणारी मात्रा बरीचशी या ये-जा करण्यातच असते. तेव्हा डार्करूमचं तापमान हा किरणोत्सर्ग सुरक्षेचा प्रश्न आहे, आणि हे ज्याला कळलं त्याने खरी तांत्रिक कामगिरी केली.

आप्पांनी असं काही केलं असेलच, विचारून बघा. कोणी टाकीभोवती दुसरी टाकी ठेवून तीत बर्फाचं पाणी घालतं. बर्फ थेट डेव्हलपरमध्ये टाकला तर तो पातळ होतो, म्हणून टाकायचाच तर बंद पिशवीत. धुण्याचं पाणीही लक्षात घ्यावं लागतं. डेव्हलपर २० अंशांवर आणि गच्चीवरच्या टाकीचं पाणी तापलेलं, असं झालं तर फिल्मच्या जिलेटिनवर बारीक सुरकुत्या येतात आणि सगळी मेहनत पाण्यात. म्हणून कोणी सकाळीच माठासारख्या गार जागी पाणी भरून ठेवतं, कोणी सगळं डेव्हलपिंग पहाटे चारला उरकतं. या साध्या वाटणाऱ्या गोष्टी लोक अर्जात लिहीतच नाहीत. त्याऐवजी लिहितात:

"श्री. अमुक हे अत्यंत कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ व शिस्तप्रिय असून त्यांनी गेली २४ वर्षे अपघातविरहित सेवा बजावली आहे."

हे वाक्य कोणाबद्दलही खरं असू शकतं, म्हणून ते कोणाबद्दलच नाही. त्या जागी असं बघा. आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे तुम्ही घाला:

"उन्हाळ्यात डेव्हलपरचे तापमान ३४ अंशांपर्यंत जात असल्याने एप्रिल ते जून या काळात दर १०० पैकी ११ शॉट पुन्हा घ्यावे लागत. यांनी दुहेरी टाकी बसवून तापमान २० ते २२ अंशांत ठेवले व दर अर्ध्या तासाला त्याची नोंद सुरू केली. पुढील दोन उन्हाळ्यांत हे प्रमाण १०० पैकी ४ वर आले. एका उन्हाळ्यातील सुमारे २१०० शॉटच्या मानाने १४७ वेळा सोर्स बाहेर काढण्याची वेळ टळली."

कुठेही स्तुती नाही. वाचणारा ती स्वतःच करतो.

दुसरा मोठा मुद्दा कॉर्डनचा, म्हणजे माणसं किती लांब थांबवायची याचा. बॉयलरच्या आत-बाहेर एका वेळी पाच ठेकेदारांची माणसं असतात. तिथे नुसती दोरी बांधून भागत नाही, हिशोब लागतो. २० क्युरीच्या उघड्या इरिडियमपासून एका मीटरवर तासाला सुमारे ९६ मिलिसिव्हर्ट. सर्वसामान्य माणसाचा वर्षाचा १ मिलिसिव्हर्ट आठवड्यांत वाटला तर आठवड्याला २० मायक्रोसिव्हर्ट येतात. आठवड्यात दोन-दोन मिनिटांचे ३० शॉट धरले तर सोर्स एकूण एक तास बाहेर. म्हणजे दोरीपाशी तासाला २० मायक्रोसिव्हर्ट चालतील. अंतराच्या वर्गाच्या नियमाने ही दोरी जवळपास ७० मीटरवर जाते. बॉयलरच्या आवारात ७० मीटर रिकामी जागा कुठून आणणार? टंगस्टनचा कॉलिमेटर मात्रा बत्तीस पटींनी कमी करणारा असेल, तर बाजूंना आणि मागे हेच अंतर सुमारे १२ मीटरवर येतं. मात्र ज्या दिशेला झोत उघडा आहे तिथे ही सूट नाही, तिथे पूर्ण अंतर किंवा जाड आडोसा हवाच. हा हिशोब कागदावर करून, मग दोरीपाशी सर्वे मीटर, म्हणजे किरणोत्सर्ग मोजणारं यंत्र, धरून पडताळलेला असेल, तर तो कागद अर्जाला जोडा. मोजलेला आकडा हिशोबापेक्षा वेगळा आला असेल तर तोही ठेवा. साइटवर लोखंडाच्या भिंती किरण परतवतात, आकडे तंतोतंत जुळले तर उलट शंका येते.

ड्राइव्ह केबलची, म्हणजे सोर्सच्या जड पेटीतून (तिला कॅमेरा म्हणतात) सोर्स लांबून बाहेर ढकलणाऱ्या तारेची, लांबी ही आणखी एक दुर्लक्षित गोष्ट. रेडिओग्राफर सोर्सपासून सात मीटरऐवजी दहा मीटरवर उभा राहिला तर मात्रा निम्म्यावर येते. एवढ्याने होतं, पण केबल लांब झाली की हँडल जड होतं, वळणं वाढतात, अडकण्याची शक्यता वाढते. हा सौदा आप्पांनी कसा सोडवला, हे दोन ओळींत यायला हवं. फायदा आणि त्याची किंमत दोन्ही लिहिणारा माणूस कामातला वाटतो.

आता नाजूक भाग. चोवीस वर्षांत सोर्स एकदाही अडकला नाही, असं सहसा होत नाही. सोर्स ज्या नळीतून जातो त्या गाइड ट्यूबला पिळ बसतो, सोर्सच्या शेपटीची म्हणजे पिगटेलची केबलशी जोडणी नीट बसत नाही आणि केबल परत येते पण सोर्स बाहेरच राहतो. असा प्रसंग झाला असेल आणि तो रीतसर कळवला असेल, तर तो लपवण्याची गोष्ट नाही, अर्जातला सगळ्यात भारी परिच्छेद तोच. १९९९ मध्ये पेरू देशातल्या यानांगो जलविद्युत केंद्रात कॅमेऱ्यातून सुटलेला इरिडियमचा सोर्स एका वेल्डरने उचलून खिशात घातला आणि त्याला पाय गमवावा लागला. प्रत्येक शॉटनंतर सर्वे मीटर घेऊन कॅमेऱ्यापर्यंत आणि गाइड ट्यूबच्या टोकापर्यंत जायचं का, याचं उत्तर त्या एका घटनेत आहे.

प्रसंग लिहिताना मात्र शौर्यकथा करू नका. "जिवाची पर्वा न करता" हे शब्द दिसले की अर्ज बाजूला पडतो, कारण जीव धोक्यात घालावा लागला म्हणजे योजना नव्हती. लिहायचं ते असं: किती वाजता कळलं, कशावरून कळलं, दोरी किती मागे नेली, कोणाला कळवलं, आधी शिशाच्या छऱ्यांच्या पिशव्या टाकल्या का, चिमटा किती लांब होता, किती मिनिटं लागली, कोणाला किती मात्रा मिळाली. दीड मीटरच्या चिमट्याने २० क्युरीपाशी मिनिटाला साधारण ०.७ मिलिसिव्हर्ट, एक मीटरच्या चिमट्याने १.६. दोन मिनिटांचं काम असेल तर हा फरक वर्षाच्या हिशोबात दिसतो. ज्यांनी नकली सोर्स लावून सराव केलेला असतो त्यांची मिनिटं कमी असतात. सरावाच्या तारखा असतील तर त्याही द्या.

बाकी किरकोळ, पण यावर अर्ज अडतात. दुसऱ्या कामगारांच्या मात्रा जोडताना नावं झाका, "रेडिओग्राफर अ, ब, क" पुरे. दीपनगरसारख्या वीज केंद्रातले किंवा आयुध निर्माणीतले फोटो त्यांच्या लेखी परवानगीशिवाय लावू नका. क्लायंटचं पत्र घ्यायचं तर "काम समाधानकारक" असं नको, त्यांच्या सुरक्षा अधिकाऱ्याने एखादी ठरावीक गोष्ट पाहिली असेल तीच त्यात यावी. मालकांची सही हवीच, कारण २००४ च्या किरणोत्सर्ग संरक्षण नियमांनुसार परवाना त्यांचा आणि अखेरची जबाबदारीही त्यांचीच. आणि दुहेरी टाकीची कल्पना मुळात डार्करूममधल्या पोराची असेल तर तसं लिहा, किंवा समूहाच्या गटात अर्ज करा. हे नंतर बाहेर आलं तर आप्पांचीच शोभा होते.

एक वेळेची गोष्ट. जानेवारी ते मार्च तिमाहीचा बॅज अहवाल आप्पा घरी गेल्यावर येणार, म्हणून अर्जात डिसेंबरपर्यंतचेच आकडे धरा. जुन्या वह्या कुठल्या कपाटात आहेत, कुठल्या वर्षी कोणता कॅमेरा होता, हे त्यांच्याकडून आत्ताच लिहून घ्या. निवृत्त माणूस शेतावर गेला की फोन उचलत नाही. आणि मार्चच्या आत नव्या आरएसओची नेमणूक एईआरबीच्या ई-लोरा या ऑनलाइन परवाना प्रणालीवर करून घ्या. अर्जावर आप्पांची सुरक्षा आणि एप्रिलमध्ये साइटवर आरएसओच नाही, असं व्हायला नको. छाननी समितीत बसणारी माणसं याच धंद्यातली असतात भाऊ, त्यांना कळतं.